अमेरिकन बॅन्जो विकणे आहे

३ ऑगस्ट १९५८, रविवार
निश्चय. बॅन्जो विकायचा. अस्सल अमेरिकन, टेनर, चार तारांचा, माझ्याहून वयाने मोठा. चाळीतला पास्कोल आफ्रिकेच्या बोटीवर नोकरीला गेला, जाताना मला देऊन गेला. मला कळतं म्हणूनच दिला. आलेल्या पैशांची पेटी घ्यायची आणि लालबागच्या शाहीर कोंडीरामांच्या कलापथकात शिरायचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव दौरे! पेटी अजून वाजवता येत नाही. किरकोळ बाब.
आबांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर त्यांच्यासोबत मिलच्या गेटावर, बदली कामगार म्हणून. अशक्य.

५ ऑगस्ट
फोर्टातल्या हॉटेलात बॅन्ड वाजवणाऱ्या बोनिफासला गाठायला निघालो. वाटेत सभा. थांबणं कर्तव्यच. घोषणा देऊन घसा बसला. बसल्या घशाने भाव कसा ठरवणार?

६ ऑगस्ट
पुन्हा निघालो. वरळी कोळीवाड्यात पोचलो. कसा, कळलं नाही. सुके बोंबील झकास.

७ ऑगस्ट
गाठला! रविवारी खोलीवर येतो म्हणाला. गिऱ्हाईक पक्कं. पण ओल्या हवेने बॅन्जोवर मढवलेलं कातडं सैल पडलंय. आवाज ढब्ब.

८ ऑगस्ट
भोईवाड्यात कुशाबाकडे नेला. तो ढोलक्या मढवतो. मला एकदम सुचलं: ढोलकीला शाई असते म्हणून ती बोलते. याला नाही, म्हणून मुका. अमेरिकेत हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल! कुशाबा म्हणाला, अरे, तारांची घोडी तिथंच बसते ना? म्हटलं, तू लाव, पुढचं मी बघतो. म्हणाला, बघ बाबा, मग माझ्या नावाने बोंबलू नकोस. मधोमध सुंदर काळा गोल बसला.

९ ऑगस्ट
शाई सुकली. घोडी उभी केली, तारा ताणल्या, छेडल्या. शेजारच्या कमलाबाई 'कोण दार ठोकतंय?' म्हणत बाहेर आल्या. आवाज भारदस्त झालाय.

१० ऑगस्ट, रविवार
बोनिफास आला. पेटारा उघडला आणि हसत सुटला. खाटेवर बसून हसला, डोळे पुसले. भावूक झाला असावा. मग म्हणाला, मॅन, गुरवारी संग आणला असता तर तिथ्थंच घेतला असता. आता याला तारेनं वाजवू की थापेनं?
गेला. दृष्टीच नाही माणसाला. चिडून ब्लेडने शाई खरवडली. निघाली. कातडंही निघालं. माल जुना, दुसरं काय.

११ ऑगस्ट, सोमवार
मिलच्या गेटावर माणसं भरणाऱ्या जॉबरने विचारलं, पोरगा काय करतो? मी 'कलावंत' म्हणेपर्यंत आबा म्हणाले, 'काय करणा नाय. म्हणान तर हाडलंय.' म्हणूनच आणलाय म्हणे! लगेच घेतलं. साचाखात्यात, मागांवर.
घरी येताना आबांना स्पष्ट बजावलं, हे तात्पुरतं आहे.
म्हणाले, 'मी पण तसोच लागलेलंय.'