थांबेल का ते सांगा

आई, आज सकाळी गाडीच्या ब्रेकच्या डिस्क बदलायला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये गेले होते. मिस्त्री म्हणाला, पॅड नवे टाकू, डिस्क घासल्यात पण चालतील. तू समोर असतीस तर त्याचं काही खरं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, दोन्ही बदला. त्याने नवी डिस्क काउंटरवर ठेवली, तेव्हा मी ती उभी धरून अंगठीने वाजवून पाहिली. तो हसला. हसू दे, त्या काळी त्या दुकानातलेही हसलेच होते.

अण्णांची जीप नाशिकहून पेठला माणसं न्यायची. त्या श्रावणात मिस्त्रीने ती आपल्या दारातच खोलली होती. ब्रेकचे लायनर नवे बसवतो, पण ड्रमही बदला, तो आतून घासून पातळ झालाय, असं तो उंबऱ्यात उभा राहून सांगत होता. अण्णा जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालेल." तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. तुझी पाठ आमच्याकडे होती, पण तुझा हात क्षणभर थबकलेला मला दिसला होता. दिवाळीच्या आधीच, सावळ घाटाच्या उतारावर, ड्रम फुटला. अण्णांनी जीप दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घातली. मागे बसलेली माणसं खरचटण्यावर निभावली. अण्णा तेवढे गेले.

तेराव्याच्या तयारीत मामाने तुला विचारलं, ताई, लाडू बुंदीचे चालतील का. तू त्याच्याकडे न बघता म्हणालीस, "हा शब्द या घरात नको." त्याला वाटलं तुला लाडू नकोत. आम्हाला कळलं. त्या दिवसापासून आपल्या घरातून 'चालेल' गेलं. चप्पल तुटली तर टाकायची किंवा शिवून घ्यायची. कोणी चहा विचारला तर पिऊ म्हणायचं, नाहीतर नको. दादा एकदा विसरून बोलला तर तू त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलंस आणि मग स्वतःच रडलीस. शेजारच्या काकू चिडवायच्या, "तुमच्याकडे काही चालतच नाही बाई." तूही हसायचीस, पण शब्द परत आला नाही.

आणि मग दादाच्या हातात लायसन आलं. ताडपत्रीखाली गंजत पडलेली तीच जीप त्याला पेठच्या रस्त्यावर काढायची होती. दुसरं काम मिळत नव्हतं, हे तुलाही दिसत होतं. तू हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. "बिरेकचं सामान मी घेणार," एवढंच बोललीस.

ते दुकान मला अजून दिसतं. दादा पुढे, तू मध्ये डोक्यावर पदर घेऊन, मी मागे. दुकानदार ओळखीचा, अण्णांना जुनं गिऱ्हाईक म्हणून मान देणारा. त्याने एक जुना ड्रम काढला, लेथवर आतून घासून चकचकीत केलेला. तू तो जवळ ओढतेस. सायखेड्याच्या बाजारात मडकं घेताना वाजवायचीस तसा बोटाच्या पेराने वाजवतेस, कान लावतेस. आवाज बद्द येतो. दुकानातले हसतात. दादा कानाशी पुटपुटतो, आई, माणसं बघतायत.

"मावशी, मडकं नाही ते," दुकानदार म्हणतो.

"मडकं फुटलं तर पाणी सांडतं, भाऊ."

तो जरा ओशाळला. तरी म्हणाला, लेथवरून आलाय, आरामात चालेल. दादाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता तू दुकान डोक्यावर घेणार. तू आवाजही चढवला नाहीस.

"चालायला इंजिन हाय. ह्यो थांबेल का, ते सांगा."

तो तुझ्याकडे बघत राहिला. मग माळ्यावर चढला आणि नवे ड्रम घेऊन आला. एका चाकाचा बदलून भागत नाही, गाडी एका बाजूला ओढते, म्हणून तू दोन्हींचे घेतलेस. लायनरही नवे. सगळे एकेक करून वाजवलेस. त्या वेळी कोणी हसलं नाही.

दादाने त्या रस्त्यावर बरीच वर्षं काढली. तिन्हीसांजेला जीपचा आवाज गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तू दिवा लावायची नाहीस. नुसता आवाज येऊन भागायचं नाही, तो दारात बंद झालेला तुला ऐकायचा असायचा.

त्याचं लग्न झालं त्या वर्षी तू पाण्याची कळशी आणताना मध्येच खाली ठेवायला लागलीस. छातीवर हात जायचा. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. सुनेची पहिली अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली. ओट्याला टेकून, श्वास जमवत तू म्हणालीस, "आखाजी होऊ दे गं. तोवर चालेल."

आखाजीला तू नव्हतीस.

सगळे म्हणतात, तिने अंगावर काढलं, कोणाला कळूच दिलं नाही. मी मान डोलावते. दादालाही कधी सांगितलं नाही ते इथे लिहिते, आणि हा कागद कोणाला दाखवायचा नाही. तो शब्द तुझ्या तोंडून ऐकला तेव्हा मी चरकले नाही, आई. मला बरं वाटलं. वाटलं, इतक्या वर्षांनी तू अण्णांना माफ केलंस.