काटा एकवरून हलेना

१२ सप्टेंबर, सकाळी ७.१०
इंजिन सुरू झालं! पहिल्याच सेल्फला! तीन वर्षांची मेहनत. नांदुऱ्याच्या भंगारवाल्याकडून आणलेलं परदेशी स्पोर्ट्स गाडीचं रोटरी इंजिन. त्याला पिस्टन नसतो, आत समोशासारखा तिकोनी रोटर फिरतो. ते आज माझ्या स्वतःच्या विमानात, दुसरबीडच्या आमच्या टिनाच्या शेडमध्ये गरजलं. शेजारच्या उकंडरावांच्या म्हशीने दावं तोडलं आणि ती थेट डांबरी रस्त्यावर गेली. इतिहास घडताना एवढं व्हायचंच.
एकच किरकोळ बाब. ऑइल प्रेशर कमी. काटा एक किलोवर, पाहिजे चार-पाच. तेलाला दाब नसेल तर बेअरिंग खलास होतात, म्हणून लगेच बंद केलं. एकतीस वर्षं ITI मध्ये डिझेल मेकॅनिक शिकवलं आहे. दोन दिवसांत निदान.

त्याच दिवशी, सकाळी ९
इंजिन बंद होऊन दोन तास झाले, तरी काटा एकवरच. तेलात दाब साठून राहत असणार. असं कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. यावर लेख लिहावा.

१३ सप्टेंबर
बायकोने, धम्मशीलाने, अट घातली. १० ऑक्टोबरला सोयाबीन निघणार, पोती ठेवायला शेड पाहिजे. तोवर इंजिन धड चाललं तर पोती समोरच्या खोलीत जातील, विमान शेडमध्ये राहील आणि पहिल्यांदा मागच्या सीटवर ती स्वतः बसेल. नाही चाललं तर विमान परत नांदुऱ्याला, भंगारात. मी हसत हसत हो म्हणालो. सत्तावीस दिवस! एवढ्यात तर मी दुसरा पंखही लावीन. (सध्या एक आहे.)
ती उपकेंद्रात सिस्टर आहे. तिचं म्हणणं, कोणाचं BP विचित्र आलं तर ती आधी दुसऱ्या मशीनवर घेऊन बघते, मगच गोळीचं बोलते. तुम्ही पण आधी दुसरा काटा लावून पाहा. तिला शांतपणे समजावलं की इंजिन म्हणजे पेशंट नव्हे. तिला वाईट वाटू नये म्हणून संध्याकाळचा चहा मी केला. माझंही BP बघायचं म्हणत होती. मी ठणठणीत आहे, आणि वेळ कुठे आहे?

१५ सप्टेंबर
निदान झालं. तेल पातळ. जाड तेल ओतलं. सुरू केलं. काटा एकवर.
उकंडराव बघायला आले होते. भला माणूस. हा काटा त्यांनीच दिला आहे, स्वतःच्या ट्रॅक्टरवरचा, फुकट. आजकाल कोण देतं? ते म्हणाले, सर, एक सांगू का, त्या काट्याचं असं हाय की... मी त्यांना थांबवलं. निदान चालू असताना मन विचलित होता कामा नये. ते बिचारे चहा पिऊन गेले.

१८ सप्टेंबर
निदान झालं. फिल्टर चोंदलेला. नवा लावला. जुना कापून पाहिला तर आत स्वच्छ. म्हणजे घाण इतकी सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाही. काटा एकवर.
विमान उड्डाणाच्या परवानगीचा अर्ज दिल्लीला पाठवून आठ महिने झाले, उत्तर नाही. हरकत असती तर कळवलं असतं.

२१ सप्टेंबर
रात्रभर विचार केला. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह! जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. त्याची स्प्रिंग ढिली पडली की दाब सगळा निसटतो. स्प्रिंगखाली दोन वॉशर टाकले. हा माझा वर्गातला जुना हातखंडा. काटा एकवर. आणखी दोन टाकले. एकवर. आणखी तीन. फिल्टरच्या सीलमधून तेलाचं कारंजं उडालं, पण काटा एकवर.
एवढं तेल उडालं म्हणजे दाब चांगलाच असणार, असं धम्मशीला म्हणाली. तिला सांगितलं की ते वेगळ्या प्रकारचं तेल उडणं असतं. नेमकं कोणत्या प्रकारचं, ते सांगायच्या आत ती ड्युटीवर गेली. वॉशर काढून टाकले.
जेवताना ठेचा जास्त झाला. डोकं ठणकतंय. तेलाच्या वासाने असेल.

२४ सप्टेंबर
मोठा निर्णय. इंजिन खोलायचं. अर्धवट उपाय करणारा मी नव्हे.
उकंडरावांनी आज पुन्हा तोंड उघडलं. म्हणाले, सर, मले वाटते काऊन इंजिन खोलता, आधी तो काटा... मी त्यांना विचारलं की रोटरी इंजिनमध्ये एक्सेंट्रिक शाफ्ट असतो, हे तुम्हाला माहीत आहे का. ते नाही म्हणाले. मग विषयच संपला. त्यांना नट-बोल्ट धुवायला दिले. मनापासून धुतात.

२७ सप्टेंबर
इंजिन खोललं. बेअरिंग आरशासारखी चकाचक. हे संशयास्पद आहे. तेलपंप मापात. हेही संशयास्पद. एकही दोष सापडत नाही, म्हणजे दोष फार खोल आहे.
धम्मशीलाने शेडमध्ये येऊन मागच्या सीटचं माप घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही. बहुतेक पोती किती बसतील ते बघत असावी. मन थोडं खट्टू झालं.

१ ऑक्टोबर
जोडणी पूर्ण. सगळं साफ, सगळं घट्ट. समोरचं कव्हर लावून झाल्यावर एक छोटी रबरी रिंग उरली. परदेशी कंपन्या एखादी जास्तीची देतच असतात. फेकायला जिवावर आलं, म्हणून शेडच्या किल्लीला अडकवली. आता किल्ली पटकन ओळखू येते. माझ्या हातून काहीच वाया जात नाही.

३ ऑक्टोबर
सुरू केलं. काटा एकवर.
मात्र इंजिनाचा आवाज बदलला आहे. आतून टक-टक असा ठेका येतो. भाग एकमेकांशी जुळवून घेत असावेत. एका मिनिटात बंद केलं.
सकारात्मक बाब: सगळं इंजिन खोलून जोडलं, तरी रीडिंग तसूभरही बदललं नाही. इतकं सातत्य मी आजवर कुठल्याच इंजिनात पाहिलेलं नाही.

६ ऑक्टोबर
चार दिवस उरले. सोयाबीन सोंगून झालं, मळणी यंत्र ठरलं. धम्मशीलाने आज काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. वजन कमी करणे (विमानाच्या दृष्टीनेही आवश्यक).

७ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
उशिरा जाग आली.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी
सविस्तर लिहिलं पाहिजे, पण लिहवत नाही.
धम्मशीला ड्युटीवरून आली ती उकंडरावांना ट्रॅक्टरसकट घेऊनच. त्यांच्या ट्रॅक्टरवरचा चालू काटा काढायला लावला आणि आमच्या इंजिनला बसवायला लावला. इंजिन बंद होतं. काटा शून्यावर. मी म्हणालो, हा बिघडलेला दिसतो, आमचा बंद असतानाही एक दाखवतो. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझं मलाच ऐकू आलं.
तेव्हा कुठे उकंडरावांना बोलू दिलं. ते म्हणाले, तो जुना काटा त्यांच्या ट्रॅक्टरवर पण चार वर्षं एकवरच अडकलेला होता, म्हणून तर काढून ठेवला. मी विमानात लावायला मागितला तेव्हा त्यांना वाटलं, शोभेला पाहिजे असेल. नंतर तीनदा सांगून राह्यले होते, पण सर बोलूच देत नाहीत. मी म्हणालो, दोनदा. ते म्हणाले, तिसऱ्यांदा तुम्ही संडासात होते, मी बाहेरून सांगितलं.
म्हणजे १२ सप्टेंबरला इंजिन ठणठणीत होतं.
मी लगेच आनंदाने सेल्फ मारला. टक-टक-टक. नवा काटा थरथरला आणि पाव किलोवर थांबला. आता खरोखर दाब नाही.
मॅन्युअलची PDF शेवटी नीट वाचली. पान ४७: समोरच्या कव्हरमागे एक छोटी रबरी रिंग असते, ती राहिली तर पंपाचं तेल तिथूनच परत जातं आणि दाब पडतो. चित्रही आहे. खिशातून शेडची किल्ली काढून चित्राशेजारी धरली. तंतोतंत.

१० ऑक्टोबर
सोयाबीन आलं. चोवीस पोती शेडमध्ये. विमान बाहेर लिंबाच्या झाडाखाली, वर ताडपत्री. एकुलता एक पंख ताडपत्रीच्या बाहेर येतो. उकंडरावांची म्हैस त्याला अंग घासते.
मी अट मोडली नाही. नांदुऱ्याला स्वतः फोन केला. उद्या टेम्पो येणार.

११ ऑक्टोबर
टेम्पो आला. मी घरात बसून राहिलो, बघवलं नसतं. बराच वेळ बाहेर बोलणं चाललं, मग टेम्पो गेल्याचा आवाज आला. बाहेर आलो तर विमान जागेवर. धम्मशीलाने ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवलं होतं.
ताडपत्री उचलून पाहिली. मागच्या सीटवर निळी गादी. मापात बरोबर शिवलेली, कडेला पांढरी गोट. २७ तारखेचं माप ह्यासाठी होतं.
मला रडू आलं. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.
ती म्हणाली, रिंग परत बसवा, घाई नाही, मी कुठं पळून चालली? आता जूनच्या पेरणीपर्यंत सवड आहे. पण विमान ठेवायचं असेल तर एक अट. उद्या सकाळी तुम्ही मला BP मोजू द्यायचं, आणि जे निघेल ते मान्य करायचं. ज्याच्या मागं बसायचं तो माणूस मला धड पाहिजे, म्हणाली. मी ताबडतोब मान्य केलं. ठणठणीत माणसाला कसली भीती?

१२ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
BP घेतलं. १७०/१००.
मी म्हणालो, मशीन बिघडलेलं असणार, आधी दुसऱ्यावर बघ. तू स्वतःच तर असं सांगतेस.
ती हो म्हणाली. दुसरं मशीन तिच्या पिशवीत तयारच होतं. १७०/१००. उजव्या हातावरही तेवढंच. मग, माझी खात्री पटावी म्हणून, दाराशी चहाची वाट बघत बसलेल्या उकंडरावांचं त्याच मशीनवर घेतलं. १२०/८०. हा माणूस रोज माझ्यापेक्षा दुप्पट ठेचा खातो.
आजपासून ठेचा, पापड, लोणचं बंद. सकाळी एक गोळी.
मशीन बरोबर आहे.