दुधाच्या दाताचं मूळ

रविवार, संध्याकाळ. खोडद.

डेंटलचं पहिलं वर्ष अर्धवट सोडते, हे आज घरी सांगायचंच म्हणून आले होते. हिस्टॉलॉजीत, म्हणजे पेशी-ऊतींच्या विषयात, पुन्हा नापास. बारावीचं बायोलॉजी पाठ करून निभावलं, पण इथे पाठ केलेलं मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडवर ओळखूच येत नाही. सगळं गुलाबी न् जांभळं.

दुपारी भाचीचा, परीचा, दात पडला. वहिनी तो तळहातावर घेऊन धावत आली. "याला मूळच न्हाई गं! आत तुटून राह्यलं का? तू डॉक्टरीण व्हणार, बघ की."

खरंच मूळ नव्हतं, दाताखाली नुसता खळगा. बॅगेतलं पुस्तक काढलं, तर उत्तर मी पाठ करून विसरलेल्या पानावरच! खालून नवा दात वर येताना आपल्याच शरीरातल्या पेशी जुन्याचं मूळ विरघळवून टाकतात.

"म्हंजी आपणच आपला दात खातो?" परीने डोळे मोठे केले.

"हो गं."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. मी मात्र तो खळगा बघत बसले. काठ कुरतडल्यासारखा खरखरीत. पण मग या पेशी खालच्या नव्या दाताला का खात नाहीत? कुठे थांबायचं, हे त्यांना कसं कळतं? पुस्तकात सापडेना.

चहा पिताना वडिलांनी, आप्पांनी, विचारलं, "जमतंय का गं कालेजात?"

"लई अवघड हाय, आप्पा."

"मग?"

"उद्या सकाळच्या गाडीने जाते. कालेजातल्या मॅडमना एक विचारायचंय."