साखळी नवी, फ्रीव्हील जुने

…आणि साखळी पुन्हा उडाली. पाय फिरत होते, सायकल जागेवर होती. शेवटी ती बाभळीला टेकवली, बांधावर बसलो आणि खिशातला कोरा कागद काढून पत्र लिहायला घेतले.

अल्लीपूर, एप्रिल १९५७

ती. रूपराव भाऊजींस हरिदासचा सविनय जयभीम. ताईचा खोकला आता थांबला असेल. इकडे धुरपता व मी ठीक आहोत. (सायकल सोडून, असे वाचावे.)

उद्या सकाळी चार कोसांवर जयवंताबाईच्या मुलीचे लग्न आहे आणि ते मला लावायचे आहे. दसऱ्याला दीक्षा घेतली तेव्हापासून या भागात वंदना पाठ असलेला मी एकटाच. (ती तुम्ही पाठ करून घेतलीत; तेव्हा या दुःखात तुमचाही वाटा आहे.) मुहूर्त आपण सोडला. त्यामुळे मी पोहोचेन तेव्हा लग्न लागते. मागच्या वेळी पोहोचलो तोवर मुले झोपली होती आणि वरण करपले होते. जयवंताबाई तिथे होती. म्हणाली, "पहिले मुहूर्ताची वाट पाहो, आता मास्तरच्या सायकलची पाहून राह्यलो!" सगळा मांडव हसला. मीही हसलो. उद्याही उशीर झाला तर लोक पुन्हा जोश्याच्या दारात जाऊन वेळ विचारतील. तसे झाले तर दोष माझा. दुसरे काही मला सुचत नाही.

सायकल वस्तीच्या समितीची आहे, वर्गणीची. म्हणून तिचा निर्णयही समितीचा. सायकल दुरुस्त करणारे नत्थूजी सभेत चाक घेऊन आले. मागच्या दातेरी चकतीचे, म्हणजे फ्रीव्हीलचे, दात झिजून टोकदार झाले होते आणि साखळी लांबली होती. ते म्हणाले, "बदलायचं तर दोन्ही बदला, नाई तर दोन्ही राहू द्या. जुन्याले जुनं सांभाळून घेते." इथे थांबायला हवे होते. पण अध्यक्ष बापूराव उठले. (देशाची घटना आल्यापासून ते बसलेले मी पाहिलेले नाहीत.) "नत्थूजी एकटाच बोलून राह्यला. मत घ्या!" मत घेतले. निम्मे हात दोन्ही राहू द्यायला, निम्मे दोन्ही बदलायला. माझा हात मोजला नाही, कारण सायकल मी चालवतो आणि माझा त्यात स्वार्थ आहे. मग बापूरावांनी दोन्ही पक्षांचे मन राखले. साखळी नवी, फ्रीव्हील जुने. टाळ्या पडल्या. नत्थूजी म्हणाले, "घटना सायकलले लागू नाई, बापूरावजी." त्यांना खाली बसवण्यात आले.

आता नवी साखळी जुन्या दातांवर बसत नाही. जोर दिला की उडते. जुनी साखळी परत मागितली, तर ठराव मोडता येत नाही असे उत्तर आले. धुरपता म्हणते, "काऊन एवढा जीव जाळता? पायी जा ना." पायी निघालो तर लग्न दुपारी लागेल. सायकलवर निघालो तर कधी, हे मला माहीत नाही.

आपला,
हरिदास

ता. क. पत्राचे खरे कारण राहिले. पुढच्या महिन्यापासूनची लग्ने तुम्ही येऊन लावावीत. मला यातून सोडवा. समितीला कळू देऊ नये.

ता. क. २. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पत्र टाकायचे राहिले, म्हणून लिहितो. अर्ध्या वाटेत साखळी तुटली. सायकल ढकलत पोहोचलो, तर वंदना चालू होती. कोणी एक जण म्हणत नव्हता. सगळा मांडव म्हणत होता, बाया, पोरे, वरबाप. इतक्या लग्नांत ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली आहे. पुढे जायला जागा नव्हती. मी मागे उभा राहून त्यांच्याबरोबर म्हटले. एका ओळीत चुकलो. कोणाला कळले नाही.