गोठाबिल्ली म्हणे!

३ नोव्हेंबर २०२५, पांढुर्णा
चौकात तृप्तीचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. ही कोण बाई? हिरवी साडी, टिकली, चापून बसवलेले केस! डोळ्यांतलं जाड काजळ पुसलं, कपाळावरचा केसांचा फुगा उडवला. माझ्या बहिणीला जाऊन एक दिवस झाला, तेवढ्यात कम्प्युटरवर बदलून टाकलं.
फोटो कोणी दिला? रामाजीकाका म्हणाले, "तुह्या मायनं." आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. बोलली नाही. मीही नाही.

५ नोव्हेंबर
बोरगावची शकुंतलाआत्या आली. "काळं घालू घालू पोरीनं काळ घरात आणला." वर्षभर नागपूरला रक्ताच्या कॅन्सरशी झगडली ती! कपड्यानं कॅन्सर होतो का, आत्या? — तोंडावर विचारलं नाही. इथं लिहितो.

७ नोव्हेंबर
काका आल्यागेल्याला सांगून राहिले, "पोरगी गोठाबिल्लीचे गाणे म्हणे." एकानं विचारलं, "गोठ्यात बिल्ली कायले?" हसले सगळे. सुतकात!
गॉथाबिली. जुन्या अमेरिकन रॉकबिली गाण्यांचा नाचरा ठेका, आणि त्यावर काळं घालणाऱ्या गॉथ लोकांची भुताखेतांची, कबरीची गाणी. काळा ठिपक्यांचा फ्रॉक, कवटीचे कानातले. मला ते कधी फार समजलं नाही. पण मे महिन्यात नागपूरला तिचं गाणं ऐकायला गेलो होतो. सलाइनच्या सुयांनी हात काळानिळा — आणि ही माइकपुढे पाय आपटत भुतांना दम देऊन राहिली! तो तिचा चेहरा. तोच लावा.

८ नोव्हेंबर
आईनं ताट ठेवलं. शेजारच्या अलकाकाकूकडे जाऊन जेवलो.

११ नोव्हेंबर
काकांना सांगून टाकलं, तेरवीला तिचा खरा फोटो लागेल. "समाज काय म्हणन? भुतीण दिसते थे!" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा काकांवर ओरडलो. आई एवढंच म्हणाली, "राहू दे, श्रीकांत."
नाही राहू देणार.

१३ नोव्हेंबर
फ्लेक्स बनवणाऱ्या विनोदच्या स्टुडिओत गेलो. खरा फोटो मोठा करायला दिला आणि त्याला झापलं — कोणाच्या सांगण्यावरून काजळ पुसलं?
विनोद म्हणाला, "सर, तृप्तीताई खुद आली होती, राखीच्या टायमाले. बाजूले बसून करून घेतला. म्हणे, आईजवळ देऊन ठेवतो, मंग मी गेल्यावर घरी भांडण नको. दादाले सांगू नका म्हणे, थो रडन."
दहा दिवस झाले, मी आईशी बोललो नाही.