उकळलेली कुंची

दुबलगुंडी,
जानेवारी १९४५

प्रिय शिवगंगाअक्का,

अप्पा गेल्या आठवड्यात तुझ्या सासरहून, कोहिनूरहून परतले आणि तुझा निरोप सांगितला: लक्ष्मम्मा अज्जीची कुंची पाठवा, आणि न धुता पाठवा. ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला. गेल्या वर्षी गेलेली तुझी तान्ही तिलाही विसरता येत नाही. म्हणून नुसतं हो किंवा नाही न कळवता सगळंच लिहिते.

ती कुंची तुला आठवतच असेल. हिरव्या खणाची, डोक्यावरून पाठीवर रुळणारी, कडेला जर. लक्ष्मम्माची सगळी लेकरं तिच्यात वाढली, एकही दगावलं नाही, म्हणून गल्लीत कुठलंही बारसं असो, आधी कुंचीसकट लक्ष्मम्माला बोलावणं आणि मग पाळणा. भाग्य धुऊन जाईल म्हणून कुंचीला कधी पाणी लावलं नाही.

या थंडीत पोरांच्या नाकाखाली, ओठांभोवती पुळ्या उठल्या. त्या फुटल्या की गुळाच्या पाकासारखी पिवळी खपली धरायची. बायांना वाटलं, दृष्ट लागली. मग आजारी लेकराला ती कुंची घालायची, आणि त्याच्या अंगावरून उतरली की दुसऱ्याला. शेवटी लक्ष्मम्माच्या नातीचंही तोंड भरलं. मी हुमनाबादला जाऊन डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे स्पर्शाने आणि एकमेकांच्या कपड्यांनी पसरतं. पुळ्या साबणाने हलक्या हाताने धुवा, झाकून ठेवा, नखं कापा, ज्याचा त्याचा पंचा वेगळा ठेवा, कपडे उकळा. हेच सांगत मी घरोघर फिरले. साबणाला बाया तयार झाल्या, नखांनाही. पण कुंचीचं नाव काढताच शेजारची नागम्मा म्हणाली, "बीए झालीस गं, पण पाळणा हलवलास का कधी? आमच्या लेकरांचं भाग्य धुवायला कामून निघालीस?" सगळ्या हसल्या. लक्ष्मम्मा तेवढी हसली नाही. खपलीचं पाणी कापडाला लागलं तर ते दुसऱ्या लेकराला बाधतं का, एवढंच तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. ती नातीच्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढे नागम्माच्या नातवाचं बारसं आलं. बाया हळदकुंकू घेऊन कुंची न्यायला आल्या. लक्ष्मम्माने ती पेटीतून काढली आणि सगळ्यांदेखत चुलीवरच्या खळखळत्या हंड्यात सोडली. नागम्मा किंचाळली. अज्जी शांतपणे म्हणाली, "भाग्य कुणाचं? माझंच न्हवं? मी रोज आंघोळ करायलेय, अजून धुऊन गेलं न्हाई. मग कुंचीतलं कसं जाईल?"

खणाचा रंग उतरला, जर काळी पडली. त्या बारशाला नागम्माने तिला बोलावलं नाही, आणि पुढच्या बारशांनाही कुणी नाही. गल्लीतला सगळा मान तिने त्या हंड्यात सोडला होता. अक्का, हैदराबादला मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण एवढं धैर्य जवळून पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलेलं पाहून तीच म्हणाली, "पोरी, बारसं चुकलं तर घुगऱ्या चुकत्यात. लेकरू चुकू नये."

पुळ्या आता ओसरल्या आहेत. परवा नागम्मा नातवासाठी वेगळी कुंची शिवत बसली होती. मला पाहून म्हणाली, "बघायलीस काय नुसती? सुईत दोरा ओवून दे."

तुझा निरोप अज्जीला सांगावा की नाही, कळेना. शेवटी सांगितला. मग तिने लग्नातलं इरकली लुगडं काढलं. लढाईमुळे कापड मिळत नाही, तरी त्याचा पदर कापला. "शिवगंगेच्या लेकरानं उसनी कामून घालावी?" म्हणाली, आणि तुझ्यासाठी नवी कुंची शिवली. उकळून, उन्हात वाळवून ती या पत्राबरोबर अप्पांच्या हाती देते आहे. तिला साबणाचा वास येईल, घाबरू नकोस. अज्जीचा निरोप आहे: वरचेवर धुवायची, आणि शेजारणीने पदर पसरला तरी द्यायची नाही. जुनी पाठवली नाही म्हणून माझ्यावर हवी तेवढी रागाव. पण अक्का, बाळ आलं की त्याला हीच घाल.

मावशी व्हायला आसुसलेली,
तुझीच चंद्रा