दुपारचा भोंगा

माय, तुझ्याशी बोलायचं म्हणजे घसा ताणून बोलावं लागायचं. आज पहिल्यांदाच हळू बोलते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि हे पोचवायला कुठला पत्ताही नाही, तरी लिहिते. तू गेल्यावर मामानं मला शिकवलं आणि मी एका प्रयोगशाळेत लागले. खदानी, कारखाने, रस्त्याची कामं चालू असतात तिथं जायचं, जवळच्या वस्तीत तिपाईवर मीटर उभा करायचा आणि लोकांच्या कानावर किती आवाज पडतो ते मोजायचं, हे माझं काम. आवाज काय मोजायची गोष्ट आहे का, असं म्हणून तू हसली असतीस.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी तुझा डबा घेऊन कपाशीच्या जिनिंग कारखान्यात यायचे. फाटकापासूनच पायाखालची जमीन थरथरायची. आत रुईचे कण उडत असतात, डोक्याला फडकं बांधून तू मशीनीत कपाशी ढकलत असतेस, मी मागून हाका मारते आणि तू वळत नाहीस. मग मी तुझ्या पाठीला हात लावते. तू दचकतेस, हसतेस, कानातला रुईचा बोळा काढतेस आणि तरीही माझ्या तोंडाकडेच बघत राहतेस. मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायला आवडतं. शाळेत नंबर आला तेव्हा तू बाजारातून मला लहानसा रेडिओ आणून दिलास. चुलीजवळच्या फळीवर तो वाजत असायचा आणि भाकरी थापता थापता तू हात पुसून त्याच्यावर तळवा टेकवायचीस. "चालू हाये ना व?" असं विचारायचीस. मी एकदा म्हणाले, जिनिंगच्या साहेबांना सांग ना, तुला ऐकू येत नाही म्हणून. तू तव्यावरची भाकर तशीच सोडून माझ्याकडे वळलीस. "कानाचं नाव काढलं तं पाय! घरी बसवतीन मले. मंग काय रेडिओ खाशीन का?" त्यानंतर मी कानाचं नाव काढलं नाही. पुढच्याच हंगामात आवारात कपाशीचा ट्रक मागं येत होता आणि तू त्याच्या वाटेत होतीस. ड्रायव्हर रडत होता आणि ज्याला त्याला सांगत होता, हॉर्न देल्ला होता वो, बाई सरकलीच नाही. तो खोटं बोलत नव्हता, हे त्या आवारात मला एकटीलाच माहीत होतं.

यंदा हिवाळ्यात आम्हाला तुझ्याच मुलखात पाठवलं. जळगाव जामोदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाला लागून दगडाची खदान आहे आणि तिथंच दगड फोडून गिट्टी करणारा क्रशर. आम्ही येणार हे तिथं आधीच कळलेलं होतं. सुपरवायझरनं चहा पाजला, "आरामात मोजा मॅडम," म्हणाला. गावातल्या एका घराच्या स्लॅबवर मी मीटर लावला. क्रशर सावकाश, नुसता कुरकुरत फिरत होता. घरातली सून वर आली, आकड्यांकडे पाहून म्हणाली, "तुम्ही आल्या म्हणून हे सोंग हाये. न सांगता या, मंग समजीन." खाली गल्लीत दोन बाया भांडत होत्या. मी वाकून पाहिलं तर त्या एकमेकींना भाजी काय केली ते विचारत होत्या. त्या गावात सगळेच तसे बोलतात. लहान पोरंसुद्धा. आणि मला तिथं दिवसभरात एक चिमणी दिसली नाही.

त्या सुनेची सासू गावाच्या बकऱ्या चारायची. मी तिला विचारलं, पाणी कुठून आणता? ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हाव, पोरगा पुन्याले हाये."  मी मुद्दाम पाठ वळवून पुन्हा काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. मी सुनेला हळूच म्हणाले, यांना ऐकू येत नाही. "नाई वो मॅडम," ती म्हणाली, "सुरुंग उडवायच्या आधीचा भोंगा वाजला की बरोबर निंगून येते घरी. मनात नसलं की बोलत नाही, इतकंच."  

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. गल्ली रिकामी झाली, दारं लागली. सुनेनं फळीवरची भांडी उतरवून खाली ठेवली, जशी रोज ठेवत असावी. मी स्लॅबवरून पाहिलं. म्हातारी खदानीच्या कडेला एकटीच वाकून काड्या वेचत होती. बकऱ्या बरोबर नव्हत्या. भोंगा ओरडत होता, मीटरवरचे आकडे चढत होते आणि ती शांतपणे काडीला काडी लावत होती. मी धावले, माय. मागून माझा प्रयोगशाळेतला सोबती ओरडला, "मॅडम, परत या!" मी हाक मारली नाही. हाकेचा उपयोग नसतो हे मला माहीत होतं. दंडाला धरून मी तिला ओढलं. "काऊन व? सोड मले!" म्हणत ती माझ्या हातावर मारू लागली. आम्ही बांधाआड पडलो आणि जमीन हलली. आधी नुसती धूळ उठली, मग दगड आले. एक मोठा धोंडा तिच्या मोळीवर पडला. तिनं मोळीकडे पाहिलं. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून, अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बकऱ्या वळल्या की मी वळतो. आज त्याईले घरीच बांधलं होतं. कोनाले सांगू नको पोरी. बह्यरीच्या हाती बकऱ्या देत नाही कोनी."

मी सांगितलं. सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हनजे इतके दिवस बकऱ्याच भोंगा आयकत होत्या!"  म्हातारीनं मात्र माझ्याकडं पाहिलं ते असं, की तुझ्या त्या भाकरीच्या दिवसाची नजर मला आठवली.

अहवालात आकडे बसले मर्यादेच्या आतच. क्रशर सावकाश फिरवला तर दुसरं काय होणार! मी खाली लिहिलं की गावातल्या काही माणसांना इशाऱ्याचा भोंगा ऐकूच येत नाही, त्यांची तपासणी व्हावी, आणि क्रशर न कळवता पुन्हा मोजावा. आमचे साहेब वाईट नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आपण आवाज मोजतो, कान नाही," म्हणाले. पण माझा मजकूर त्यांनी खोडला नाही. खदानीवर लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा राहू लागला. गावाला बरं वाटलं. मग त्याला वजनकाट्यावर ट्रक मोजायला नेलं आणि झेंडा कुंपणाला बांधून ठेवला. पुढच्या मोजणीला तिथं दुसरीच प्रयोगशाळा आली. मला मेहकरकडच्या पुलाच्या कामावर टाकलं.

तेव्हापासून दुपारी भोंग्याच्या आधी मी सुनेला फोन करते. "घरात आहेत का?" एवढंच विचारते. ती म्हणते, "हाव, समोरच बसली हाये." कधी बोलता बोलता मागं भोंगा सुरू होतो. आम्ही दोघी फोन धरून थांबतो, भांडी खणाणतात, मग ती म्हणते, "झालं," आणि मी कामाला लागते. म्हातारी पुन्हा बकऱ्यांमागं जायचं म्हणते, दारात भांडते, हेही ती सांगते.

काल तिनं फोन उचलला नाही. वाजत राहिला. शेतात गेली असेल, चार्जिंग संपलं असेल, असं मी मनाला समजावलं आणि पुन्हा लावला नाही. आजची दुपारही टळून गेली, फोन समोर पडला आहे आणि मी तुला लिहीत बसले आहे. खरं सांगते माय, तुझी आठवण आली म्हणून नाही लिहिलं. फोन लावला तर तिकडून कोण काय बोलेल, ते ऐकायची मला भीती वाटते.